आधी गाडी वाचा, मग बाजार गाठा

जुनी गाडी पूर्ववत करायला घेतली की सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे आणि पत्र्याकडे असतं. इंजिनाचा झिजलेला भाग भरून, लेथवर कातून पुन्हा कामाला लावता येतो. गंजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो, ठोकून सरळ करता येतो, रंगवता येतो. सीटवरच्या कापडाला ही सोय नाही. उन्हानं विरलेलं लोकरी कापड किंवा पोपडे सुटलेलं रेक्झीन पुन्हा उभं राहत नाही, त्याच्या जागी दुसरं आणावंच लागतं. आणि ते विणणारी गिरणी, त्यावर दाणा उमटवणारा कारखाना बहुधा केव्हाच बंद झालेला असतो. त्यामुळे गाडीच्या आतलं काम क्रमानं शेवटी येत असलं, तरी त्याच्या मालाचा शोध अगदी सुरुवातीलाच हाती घ्यावा लागतो.

हा शोध बहुतेक जण दुकानापासून सुरू करतात. नमुन्यांचा जाडजूड जुडगा समोर येतो, त्यातला ‘साधारण असाच’ रंग निवडला जातो, काही दिवसांत चकचकीत सीट तयार होतात आणि जुनी कव्हरं भंगारात जातात. त्या कव्हरांबरोबर मूळ रंग, मूळ पोत, शिवणीची रुंदी, पायपिंगची जाडी, आत काय भरलं होतं ही सगळी माहिती कायमची जाते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की कापडाचा शोध गाडीतच सुरू करावा. गाडी नीट वाचली तर काय शोधायचं ते कळतं. आणि ते कळलं, की हवं ते न मिळाल्यास कुठे तडजोड करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, हेही ठरवता येतं.

शिवणीच्या आत

सीट गाडीतून बाहेर काढून उलटी ठेवा. खालच्या बाजूला कव्हर तारेच्या कड्यांनी किंवा बारीक खिळ्यांनी सांगाड्याला अडकवलेलं दिसेल. कडी पकडीनं एकेक कापा, ओढून फाडू नका. कव्हर सुटं झालं की पायपिंगलगतची शिवण धारदार पात्यानं चार-सहा इंच उसवा आणि दुमडलेली पट्टी उलगडा. वरच्या अंगाला जे चामडं विटक्या तपकिरी रंगाचं वाटत होतं, ते या बोटभर पट्टीत गडद लाल निघतं. ऊन, घाम, साबण, पॉलिश यांतलं काहीच तिथवर पोचलेलं नसतं. कारखान्यातून गाडी बाहेर पडली त्या दिवशीचा रंग तो हाच.

असे आडोशाचे कोपरे गाडीत आणखीही सापडतात. दाराच्या पॅडच्या आत दुमडलेल्या कडा, आर्मरेस्टच्या खालची जागा, मागच्या सीटच्या पाठीचा डिकीकडचा भाग, छताच्या कापडाची काचेच्या रबराखाली दबलेली कड. प्रत्येक ठिकाणचा तळहाताएवढा तुकडा कापून कागदी पाकिटात, अंधारात ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्याला बुरशी धरते. पाकिटावर जागा आणि तारीख लिहावी. पुढचे कित्येक महिने याच तुकड्यांना घेऊन आपण बाजार फिरणार असतो.

जुनं कव्हर हाच नव्याचा फर्मा असतो, म्हणून त्याचा प्रत्येक तुकडा उसवण्याआधी क्रमांक घालून, वर-खालच्या दिशेचा बाण काढून, फोटो घेऊन ठेवावा. जाणते कारागीर यात एक काळजी घेतात. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड वर्षानुवर्षं चढता-उतरता घासून ताणलेली असते, तिचा फर्मा काढला तर नवं कव्हरही सैल बसतं. शेजारच्या सीटवर कमी माणसं बसलेली असतात. तिचा फर्मा काढून तो उलटा वापरला की दोन्ही बाजू नेमक्या येतात. एका इंचात टाके किती, पट्ट्यांची रुंदी किती, पायपिंग त्याच मालाचं होतं की वेगळ्या रंगाचं, हेही त्याच बैठकीत मोजून लिहून घ्यावं.

कव्हराखाली काय भरलं आहे, तेही वाचण्यासारखं असतं. स्प्रिंगांवर तागाचं किंतान, त्यावर घोड्याचे केस किंवा काथ्या, त्यावर कापसाचा थर अशी जुनी रचना असते. फोक्सवॅगन बीटलच्या सीटमध्ये रबर मिसळून घट्ट केलेल्या तंतूंची गादी असायची. अशा सीटमध्ये नुसता जाड फोम कोंबला, तर वरचं कापड कितीही बिनचूक असलं तरी सीट फुगीर दिसते आणि बसण्याची उंचीही बदलते.

माल कोणता, हे आधी ओळखा

डोळ्यांना कापड फसवतं. नायलॉन लोकरीसारखं दिसू शकतं आणि व्हिनाइल चामड्यासारखं. अशा वेळी ज्योतीची जुनी परीक्षा उपयोगी पडते. शिवणीतून काढलेले दोन-चार धागे चिमट्यात धरून, मोकळ्या हवेत, खाली वाळूचा ट्रे ठेवून पेटवावेत. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ती नाखुशीनं जळते आणि ज्योत बाजूला केली की विझते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख ठेवतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळतात आणि थंड झाल्यावर त्यांचा टणक मणी बनतो. चामडं वितळत नाही. ते आक्रसतं, कोळपतं आणि त्यालाही केस जळल्याचाच वास येतो.

व्हिनाइल ओळखायला तांब्याची तार लागते. तार ज्योतीत लाल करून मालाला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर मालात क्लोरीन आहे, म्हणजे तो बहुधा पीव्हीसी आहे.

पहिल्या पिढीच्या रेक्झीनच्या बाबतीत मात्र जपून राहावं. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाइड गावी बनणारं मूळ रेक्झीन म्हणजे सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप. हा पदार्थ भपकन पेट घेतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाडीतला नमुना असेल, तर कणभर तुकड्यापलीकडे जाऊ नये आणि बाकीचं रेक्झीन त्या जागेपासून दूर ठेवावं.

कागदपत्रं काय सांगतात

गाडी वाचून झाली की कागद वाचायचे. अनेक अमेरिकन गाड्यांच्या बॉडीवर ठोकलेल्या पत्र्याच्या पट्टीवर आतल्या साजाचा सांकेतिक क्रमांक असतो. ब्रिटिश गाड्यांसाठी गेडनच्या ‘ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट’कडे कारखान्यांच्या उत्पादन-नोंदी जपलेल्या आहेत. एमजी, मॉरिस, ऑस्टिन अशा गाड्यांच्या नोंदींवरून तिथे प्रमाणपत्र दिलं जातं आणि नोंद उपलब्ध असेल तर त्यात बाहेरच्या रंगाबरोबर आतल्या साजाचा रंगही असतो. जुन्या रोल्स-रॉइस आणि बेंटले गाड्यांच्या चॅसिसनिहाय नोंदी नॉर्दम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी इथल्या हंट हाउसमध्ये आहेत. आपल्याकडच्या संस्थानिकांनी मागवलेल्या गाड्यांचा माग काढायला हा मोठाच आधार आहे.

कागद आणि गाडी यांचं पटेना, तर दोन्ही पुन्हा तपासावं. गाडीवर आज दिसणारं कव्हर दुसरं किंवा तिसरं असू शकतं. आपल्याकडे तर जुनं कव्हर न काढता त्यावरच नवं चढवण्याची पद्धत होती. त्यामुळे टॅक्सीच्या सीटवर थरांखाली थर निघतात. ते एकेक करून सोडवले तर सगळ्यात खाली मूळ कापडाची एखादी पट्टी हमखास नाही, पण बऱ्याचदा हाती लागते.

चामड्याचा हिशेब

ब्रिटिश गाड्यांच्या चामड्याचं नाव निघालं की कॉनोलीचं नाव येतंच. १८७८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या या कारखान्याचं चामडं रोल्स-रॉइस, जॅग्वार, ॲस्टन मार्टिन आणि इटलीत फेरारीही वापरत असे. २००२ मध्ये तो कारखाना बंद झाला आणि जगभरच्या गाडीवेड्यांना एकाएकी कळलं, की आपण ज्याला कायमचं समजत होतो तो माल आता मिळणार नाही. पुढे त्याच घराण्यातल्या लोकांनी चामड्याचं काम नव्यानं सुरू केलं, आणि स्कॉटलंडमधला ब्रिज ऑफ वेअरसारखा जुना कारखाना आजही चालू आहे. त्यामुळे चामड्याच्या बाबतीत वाट पूर्ण बंद झालेली नाही.

पण आजचं गाडीचं चामडं आणि साठ वर्षांपूर्वीचं चामडं यांत फरक आहे. आज त्यावर पॉलियुरेथेनचा चिवट थर असतो, तो डाग धरत नाही आणि उन्हात टिकतो. जुन्या चामड्यावरचा थर पातळ असायचा, त्यामुळे ते वापरानं मऊ पडायचं, त्यावर बारीक सुरकुत्यांची जाळी उमटायची आणि एक मंद तकाकी यायची. म्हणून नमुना मागवताना नुसता रंग सांगू नये. जाडी मिलिमीटरमध्ये, दाणा नैसर्गिक की ठशाचा, मागची बाजू रंगवलेली की नैसर्गिक, थर जाड की पातळ, एवढं सगळं कळवावं. आपल्याकडे चेन्नई, कानपूर, कोलकाता इथे कातडी कमावणारे मोठे कारखाने आहेत आणि मुंबईत धारावीत चामड्याचा मोठा व्यापार आहे. तिथे म्हशीचं चामडं मुबलक मिळतं. मात्र त्याचा दाणा गोवंशाच्या चामड्याहून ठसठशीत असतो, आणि शेजारी जुना तुकडा ठेवला की तो फरक लगेच डोळ्यात भरतो.

‘लेदर सीट’ या शब्दांनीही हुरळून जाऊ नये. युद्धानंतरच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत चामडं फक्त अंग टेकतं तेवढ्याच भागाला असायचं. सीटच्या बाजू, पाठीमागचा भाग, दारांची पॅडं यांना त्याच रंगाचं चामड्यासारखं दिसणारं लेपित कापड लावलं जाई. आज मालक हौसेनं सगळीकडे अस्सल चामडं लावतात. खर्च दुप्पट होतो आणि गाडी कारखान्यातून कधीच आली नव्हती अशी दिसू लागते. जिथे मूळचं लेपित कापड होतं तिथे लेपित कापडच शोधणं, हा गाडीचा मान आहे.

आणि एक विचार चामडं विकत घेण्याआधी करावा. तडकलेलं चामडं पुष्कळदा वाचतं. हलक्या हातानं स्वच्छ करून, तेल-मेण मुरवून, मागून पातळ कापडाचा आधार देऊन, वरून रंगाचा पातळ हात फिरवून ते आणखी बरीच वर्षं काढू शकतं. शिवणीचा दोरा कुजला असेल आणि चामडं शाबूत असेल, तर त्याच भोकांतून नवा दोरा ओवावा. चामड्यात सुईचं भोक एकदा पडलं की बुजत नाही, म्हणून नव्या भोकांची ओळ जुनीच्या शेजारी पाडली की तिथेच ते तिकिटासारखं फाटतं.

व्हिनाइल सगळ्यात अवघड का

चामड्याहून स्वस्त म्हणून व्हिनाइल सोपं असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात नेमकं व्हिनाइल मिळवणं सगळ्यात कठीण. त्यावरचा दाणा कोरीव पोलादी रोलरनं उमटवलेला असतो. प्रत्येक दाण्याचा रोलर वेगळा, आणि तो मोडीत गेला की तो दाणाही गेला. नवा रोलर कोरून माल बनवायचा तर कारखाना हजारो मीटरची मागणी मागतो. ज्या गाड्या जगभर लाखांनी खपल्या, त्यांच्यासाठी हे कुणी ना कुणी करतं. म्हणून बीटलचं टोपलीच्या विणीसारखं व्हिनाइल किंवा जुन्या मिनीची तयार कव्हरं आजही नवी मिळतात. ज्या गाडीचे मालक जगात मोजकेच उरले, तिच्या दाण्यासाठी जुना शिल्लक माल धुंडाळणं एवढाच मार्ग राहतो.

हा जुना शिल्लक माल डोळे झाकून घेऊ नये. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडत असतं. उन्हात तापलेल्या बंद गाडीच्या काचेवर आतून जी चिकट धुरकट साय धरते, ती मोठ्या प्रमाणावर त्याचीच. त्यामुळे गोदामात चाळीस वर्षं पडलेला तागा दिसायला नवा असला तरी आतून कडक झालेला असू शकतो. त्याची कड पूर्ण दुमडून अंगठ्यानं दाबून पाहावी. घडीवर पांढरी रेघ उमटली किंवा बारीक तडे गेले, तर तो माल सीटवर चढवताना ताण पडताच फाटेल. तो नमुना म्हणून ठेवावा, वापरायला घेऊ नये.

पाठीच्या अस्तराकडेही बघावं. जुन्या व्हिनाइलच्या मागे घट्ट विणलेलं सुती कापड असे, आजच्याच्या मागे बहुतेक वेळा ताणणारं होजिअरीचं अस्तर असतं. ताणणाऱ्या मालाच्या पट्ट्या शिवल्यावर फुगतात आणि मूळ सपाट, रेखीव पट्ट्यांचं रूप येत नाही. याशिवाय पन्नास-साठच्या दशकांपासून कित्येक गाड्यांतल्या पट्ट्या शिवलेल्या नसून उच्च वारंवारतेच्या विजेनं दाबून चिकटवलेल्या असत. तिथे टाके घातले तर दहा पावलांवरूनही काम नवं असल्याचं कळतं. असं दाबकाम करणारं यंत्र रेनकोट, फाइली, फुगवायच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यांत असतं. थोडी चौकशी करून, साचा स्वतः बनवून दिला, तर तिथे काम करून घेता येतं.

चौकटींचं कापड

विणलेल्या कापडाची गोष्ट आशादायक आहे. फोक्सवॅगनच्या कापड आणि रंग विभागात काम करणाऱ्या गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांनी पहिल्या गोल्फ जीटीआयच्या सीटसाठी चौकटींचं कापड निवडलं. १९७६ मध्ये ती गाडी विक्रीला आली आणि तिच्या आतल्या चौकटी तिची ओळख होऊन बसल्या. १९५४ मध्ये न्यूयॉर्कला लोकांसमोर आलेल्या, पंखासारख्या उघडणाऱ्या दारांच्या मर्सिडीज ३०० एसएलमध्येही सीटला चौकटींचं कापड असायचं, चामडं हा जादा पैशांचा पर्याय होता. पण पुढे मालकांनी चामडं लावून घेतलं आणि कापड दुर्मीळ झालं. अखेर मर्सिडीजच्या जुन्या गाड्यांच्या विभागानं ते कापड नव्यानं तयार करून घेतलं. पोर्शनंही आपली जुनी ‘पेपिटा’, ‘पाशा’ आणि स्कॉटिश चौकटींची कापडं पुन्हा उपलब्ध करून दिली आहेत. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या एसएमएस ऑटो फॅब्रिक्ससारख्या दुकानांनी जुन्या अमेरिकन गाड्यांच्या कापडांचे तागे वर्षानुवर्षं साठवून ठेवले आहेत.

ज्या गाडीमागे अशी मोठी कंपनी उभी नाही, तिच्यासाठी माग आहे. कापडावर धागे मोजायचं छोटं भिंग ठेवावं. एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, कोणत्या रंगानंतर कोणता रंग आणि प्रत्येकाचे किती धागे, हे कागदावर उतरवावं. मग दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा सोनाराच्या काट्यावर तोलावा. त्या ग्रॅमना शंभरानं गुणलं की एका चौरस मीटरचं वजन मिळतं. धाग्यांचा हिशेब, वजन आणि तंतूची जात, एवढ्या तीन गोष्टींवर कसलेला विणकर साधी वीण पुन्हा उभी करू शकतो. इचलकरंजी, सोलापूर, मालेगाव, भिवंडी यांसारखी मागांची गावं ज्या राज्यात आहेत, तिथल्या माणसाला परदेशी कापडासाठी हताश होण्याचं कारण नाही. यंत्रमागवाला चार-दहा मीटरसाठी ताणा भरायला तयार होणार नाही, पण हातमागावर हे जमतं. एकाच मॉडेलचे चार-पाच मालक एकत्र आले तर यंत्रमागाचाही खर्च परवडतो. सुताचा रंग मात्र आधी छोट्या लडीवर रंगवून, मूळ तुकड्याशी ताडून पक्का करावा.

आपल्या बाजारात

महाराष्ट्रात जिच्या सीटचं काम सगळ्यात जास्त निघतं, ती गाडी म्हणजे फियाट ११०० आणि तिचंच पुढचं नाव, प्रीमिअर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरात ठाऊक झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि आता खासगी पद्मिनी जपण्याकडे लोकांचा ओढा वाढला आहे. तिचं मूळ रेक्झीन, छताचं कापड, दाराची पॅडं शोधायला मुंबईत कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार, ऑपेरा हाउसच्या परिसरातली गाडीच्या साजाची दुकानं आणि चोर बाजार, तर पुण्यात नाना पेठ आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार पायाखाली घालावा लागतो. इथे नवा तागा क्वचित मिळतो. मिळतं ते भंगारात आलेल्या गाडीचं दार, मागच्या सीटची पाठ, एखादा सन व्हायजर. तेवढ्यावरही दाणा आणि रंग पक्का होतो. जुन्या कुशनवाल्यांकडे माळ्यावर पडलेले उरलेसुरले तुकडे असतात, त्यांना चार तुकडे दाखवून विचारलं तर ते आपुलकीनं शोधून देतात.

टॅक्सी म्हणून जगलेल्या पद्मिनीबाबत आणखी एक प्रश्न मनाशी सोडवावा लागतो. २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तरुण चित्रकारांनी मुंबईच्या टॅक्सींसाठी खास कापडं रेखाटली. त्याआधीही टॅक्सीवाले आपापल्या आवडीची मखमल, फुलाफुलांचं रेक्झीन लावत आले होते. अशा गाडीवर कारखान्याचं साधं रेक्झीन परत आणायचं, की तिनं रस्त्यावर जगताना पांघरलेलं कापड जपायचं? ज्या गाडीवर असं कापड शाबूत आहे, ती तशीच ठेवावी असं मला ठामपणे वाटतं. तेही आता पुन्हा मिळणार नाही.

नमुना हातात आल्यावर

नमुना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कधीच पसंत करू नये. दोन रंग एका प्रकाशात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं निराळी असतात. शिवणीतला तुकडा आणि नवा नमुना शेजारी ठेवून सकाळच्या उजेडात, दुपारी सावलीत आणि रात्री गाडीच्या आतल्या दिव्याखाली पाहावा. मखमलीसारख्या कापडाची लव कोणत्या दिशेनं बसते तेही पाहावं. दोन सीटवर लव उलटसुलट गेली तर एकाच ताग्याचं कापड दोन रंगांचं दिसतं.

घरच्या सोफ्याचं कापड गाडीला चालत नाही, याला दोन कारणं आहेत. पहिलं ऊन. रंगाचा पक्केपणा मोजायची निळ्या लोकरीची १ ते ८ अशी श्रेणी आहे. काचेआडच्या तीव्र उन्हात टिकायचं तर तीत ६ किंवा त्याहून वरचं कापड घ्यावं. दुसरं कारण आग. गाडीच्या आतल्या मालासाठी भारतात आयएस १५०६१ हे मानक आहे. अमेरिकेतल्या याच धर्तीच्या नियमानुसार आडव्या धरलेल्या मालावर ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगानं पसरता कामा नये. कापड नव्यानं विणून घेतलं असेल, तर त्याची प्रयोगशाळेत चाचणी करून घेणं हे आत बसणाऱ्या माणसांप्रति कर्तव्य आहे. इथे अस्सलपणासाठी सवलत नाही.

रंग, पोत आणि आगीची कसोटी पार झाली की हिशेब करावा. चार दारांच्या मध्यम गाडीच्या सीटना ५४ इंच पन्ह्याचं आठ ते दहा मीटर कापड लागतं, दारांची पॅडं वेगळी. चौकटींचं कापड असेल तर रेघा जुळवण्यात आणखी जातं. चामडं चौरस फुटावर विकलं जातं. एक मोठं अख्खं कातडं साधारण ४५ ते ५५ चौरस फुटांचं असतं, पण मान, पोट, व्रण आणि टोचल्याच्या खुणा वगळताना त्यातला पाव हिस्सा सहज वाया जातो. सगळा माल एकाच वेळी, एकाच लॉटचा घ्यावा. पुढच्या लॉटचा रंग बारीकसा तरी हलतोच.

पुढच्या माणसासाठी

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं, म्हणजे फीव्हानं, २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. दुरुस्तीत बदललेले भाग ओळखता यावेत आणि कामाची नोंद राहावी, हे तिच्यातलं एक महत्त्वाचं तत्त्व. भारतातही २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची तरतूद झाली आणि मूळ स्वरूप जपण्याला कायद्यातही स्थान मिळालं. सीटचं कापड त्या नियमात तपासलं जात नसलं, तरी गाडीच्या मूळ स्वरूपाचा तो मोठा हिस्सा आहे.

म्हणून काम संपताना तीन गोष्टी कराव्यात. मूळ तुकडे, धाग्यांचा हिशेब, नव्या मालाचं नाव, लॉट क्रमांक आणि बिल एका फाइलमध्ये गाडीच्या कागदांबरोबर ठेवावं. सीटच्या खालच्या बाजूला एक छोटी कापडी पट्टी शिवून घ्यावी आणि कव्हर कोणत्या वर्षी, कोणत्या मालाचं केलं ते तिच्यावर न पुसणाऱ्या शाईनं लिहावं. आणि गरजेपेक्षा एक-दोन मीटर माल जास्त घेऊन, घडी न घालता नळीवर गुंडाळून, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवावा. आज लावलेलं कापडही तीस-चाळीस वर्षांनी विरणारच आहे. तेव्हा ही गाडी ज्याच्या हाती असेल, त्याला आपल्यासारखं शिवणी उसवून अंदाज बांधत बसावं लागू नये, इतपत तजवीज करून ठेवणं आपल्या हातात आहे, आणि ती केल्याशिवाय हे काम पुरं झालं असं म्हणू नये.